‘द’ कुठे लावायचा आणि तो आला कुठून

‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हणून बघा. शब्द तेच तीन. पण पहिल्या वाक्यात कुठलंतरी पुस्तक आहे, ऐकणाऱ्याला त्याची आधी कल्पनाही नव्हती. दुसऱ्यात ‘ते’ पुस्तक आहे, बहुधा ऐकणारा तेच शोधत होता. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. आपण नुसती शब्दांची जागा बदलतो आणि काम होतं.

इंग्रजीत कर्ता आधी, क्रियापद नंतर हा क्रम जवळजवळ खिळे ठोकून बसवलेला आहे, त्यामुळे तिथे शब्द असे मागेपुढे सरकवता येत नाहीत. म्हणून तेच काम ‘द’ (टी-एच-ई) या तीन अक्षरी शब्दाकडे गेलं. ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ हे आपलं पहिलं वाक्य, ‘द बुक इज ऑन द टेबल’ हे दुसरं. ‘मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला द जमत नाही’ असं जे म्हणतात ते म्हणूनच मला अर्धंच खरं वाटतं. शब्द नाही हे कबूल, पण तो ज्या जाणिवेसाठी आहे ती जाणीव मराठी बोलणाऱ्याला पुरेपूर आहे. शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि तो शब्द आपसूक वाक्याच्या सुरुवातीला सरकतोय का ते पाहायचं. दहातल्या बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

हे जमवून घेणं भागही आहे, कारण हा इंग्रजीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरातून साधारण १० लाख शब्दांचा ‘ब्राउन कॉर्पस’ नावाचा संग्रह केला गेला. त्यात ‘द’ ६९,९७१ वेळा येतो, म्हणजे शंभरात जवळपास सात वेळा. दुसऱ्या क्रमांकावरचा ‘ऑफ’ त्याच्या निम्म्यावर आहे.

शाळेत एक नियम पाठ करून घेतात: गोष्ट पहिल्यांदा आली की ‘अ’, दुसऱ्यांदा आली की ‘द’. ‘एका गावात एक राजा होता. तो राजा...’ या चालीवर. परीकथेपुरतं हे ठीक आहे. त्यापलीकडे हा नियम जितका उपयोगी पडतो त्याहून जास्त घोळ करतो. हा परिच्छेद घ्या:

‘आय बॉट अ सेकंड-हँड सायकल. द ब्रेक्स वेअर लूज, द चेन वॉज रस्टी अँड वन ऑफ द पेडल्स वॉज मिसिंग. अ स्पोक वॉज बेंट. देअर वॉज अ बेल, बट इट डिड नॉट रिंग. द मॅन हू सोल्ड इट हॅड सेड इट वॉज ॲज गुड ॲज न्यू.’

ब्रेक, चेन, पेडल यांतलं काहीही आधी आलेलं नाही, तरी तिघांना ‘द’. कारण सायकल म्हटली की ब्रेक आणि चेन ओघानेच आली, ‘कोणते ब्रेक?’ असं कुणी विचारणार नाही. पेडल दोन असतात, त्यातलं एक गायब, म्हणून ‘वन ऑफ द पेडल्स’. दोन्ही पेडलं मिळून ‘द’ आणि त्यातलं ‘वन’. आता स्पोक बघा. स्पोकही सायकलचाच भाग, सायकल आधी येऊनही गेली, तरी ‘अ स्पोक’. चाकात स्पोक डझनांनी असतात, त्यातला नेमका कोणता वाकला ते वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. इथे ‘द स्पोक’ लिहिलं तर सायकलला एकच स्पोक होता असा अर्थ होईल. घंटी प्रत्येक सायकलला असतेच असं नाही, म्हणून तिची आधी ओळख करून द्यावी लागली. आणि विकणारा माणूस पहिल्यांदाच आला तरी ‘हू सोल्ड इट’ या शेपटीने तो एकटा वेगळा पडला. विकणारा एकच असणार.

म्हणजे प्रश्न ‘आधी आलं होतं का?’ हा नाहीच. ‘ऐकणाऱ्याला “कोणतं?” असं विचारावं लागेल का?’ हा प्रश्न. विचारावं लागणार नसेल तर ‘द’. आणि लक्षात घ्या, ऐकणाऱ्याला. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती वस्तू अगदी स्पष्ट असते, म्हणून तो बिनदिक्कत ‘द’ टाकून मोकळा होतो, आणि वाचणारा मागची पानं चाळत बसतो.

अनेकवचनात याच प्रश्नाचं रूप थोडं बदलतं. तिथे ‘द’ म्हणजे झाडून सगळे. ‘द स्टुडंट्स पास्ड’ म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते सगळे विद्यार्थी पास झाले, एकही सुटला नाही. चाळीसातले छत्तीस पास झाले असतील तर हे वाक्य चूक.

हा शब्द असा का वागतो ते त्याच्या मूळ घरी गेलं की स्पष्ट होतं, आणि ते घर आपल्या ओळखीचं निघतं.

साधारण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘द’ नावाचा शब्द नव्हता. होता तो ‘तो, ती, ते’ असा बोट दाखवणारा शब्द, तीन लिंगांचा आणि विभक्ती लागणारा. पुल्लिंगी ‘से’, स्त्रीलिंगी ‘सेओ’, नपुंसकलिंगी ‘थॅट’. संस्कृतची पहिली रूपं आठवा: सः, सा, तत्. पुढे बघा. ‘त्याला’ या अर्थी जुनी इंग्रजी ‘थोने’, संस्कृत ‘तम्’. ‘त्याचा’ या अर्थी ‘थॅस’, संस्कृत ‘तस्य’. फक्त पहिल्या विभक्तीत पुल्लिंगी-स्त्रीलिंगीला ‘स’ आणि बाकी सगळीकडे ‘त’, ही विचित्र खोड दोन्हीकडे जशीच्या तशी आहे. ग्रीकमध्येही तिच्या खुणा सापडतात. अशी खोड योगायोगाने जुळत नाही, ती आजोळाहून, म्हणजे दोन्ही भाषांच्या एकाच पूर्वज भाषेतून, आलेली असते. ‘त’ चा ‘थ’ कसा झाला याचा नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला: मूळचा ‘त’ जर्मानिक भाषांत (इंग्रजी त्यांतलीच) ‘थ’ होतो. ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘तृष्णा’ आणि ‘थर्स्ट’, ‘तनु’ आणि ‘थिन’ या जोड्या त्यातूनच आल्या. ‘तत्’ आणि ‘दॅट’ ही जोडीही तीच.

लिंगाच्या बाबतीतही जुनी इंग्रजी आपल्याच पठडीतली. ‘बाई’ या अर्थाचा शब्द ‘वीफ’ (आजचा ‘वाइफ’) नपुंसकलिंगी होता, म्हणून ‘थॅट वीफ’. हसू येत असेल तर संस्कृतमध्ये बायकोला ‘कलत्र’ नपुंसकलिंगात आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी बहुवचनात म्हणतात, हे आधी आठवावं.

मग मोडतोड सुरू झाली. शेवटचे स्वर बोलण्यात पुसट होत गेले, नामांची लिंगं ओळखू येईनाशी झाली, आणि ‘थ’ ने सुरू होणाऱ्या रूपांच्या घोळक्यात एकटे पडलेले ‘से’ आणि ‘सेओ’ टिकेनात. त्यांच्या जागी ‘थे’ आला. उत्तर इंग्लंडात हे लवकर झालं. लिंडिसफार्नच्या बायबल-पोथीत लॅटिन ओळींच्या मधोमध दहाव्या शतकात जो इंग्रजी अर्थ लिहिला गेला, त्यात ‘से’ च्या जोडीने ‘थे’ दिसू लागतो. पीटरबरो मठाच्या बखरीतली शेवटची नोंद ११५४ सालची आहे. त्या शेवटच्या भागात जवळजवळ सगळीकडे विभक्ती नसलेला, लिंग नसलेला ‘थे’ आहे. दक्षिणेला केंट भागात मात्र १३४० पर्यंत जुन्या विभक्तीचे अवशेष लिहिण्यात सापडतात.

मराठीनेही हेच केलंय. संस्कृतच्या ‘सः, सा’ मधला ‘स’ गेला आणि सगळी ओळ ‘त’ वर सारखी झाली: तो, ती, ते. फरक एवढाच की आपण लिंग आणि विभक्ती सांभाळली, इंग्रजीने दोन्ही सोडून दिल्या.

आणि सोडताना एक वाटणीही झाली. आधी बोट दाखवायला आणि नुसतं ‘तुम्हाला माहीत असलेलं’ म्हणायला एकच शब्द होता, जसा आपला ‘ते’ दोन्ही कामं करतो. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराला नपुंसकलिंगी ‘थॅट’ लिंग विसरून बोट दाखवण्याच्या कामाला लागला, आणि ‘थे’ कडे बोट खाली केल्यानंतरची नुसती ओळख उरली. आजचे ‘दॅट’ आणि ‘द’ ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. म्हणूनच ‘द’ चं भाषांतर दर वेळी ‘तो-ती-ते’ असं केलं की मराठी अवघडते. ‘द सन रोझ’ चं ‘तो सूर्य उगवला’ केलं की ऐकणारा दुसरा सूर्य कुठे आहे ते शोधायला लागतो.

जुन्या विभक्त्या गेल्या तरी त्यांचे तुकडे भाषेत अडकून राहिलेत. ‘नॅश’ हे आडनाव त्यातलंच. ‘ॲश झाडापाशी राहणारा’ यासाठी ‘ॲटन ॲश’ म्हणत. त्यातला ‘न’ हा ‘द’ च्या चतुर्थीच्या रूपाचा शेवट होता, तो सरकून झाडाला चिकटला आणि झाला नॅश. ‘ओक’ पासून ‘नोक्स’ तसाच. ‘फॉर द नॉन्स’ (तेवढ्यापुरतं) या शब्दप्रयोगातला ‘न’ ही असाच उडी मारून गेलेला.

पण माझा सगळ्यात आवडता तुकडा म्हणजे ‘द मोअर, द मेरियर’. हा ‘द’ व्याकरणाच्या पुस्तकांत कुठेच नीट बसत नाही, कारण त्याच्यापुढे नामच नाही. तो आर्टिकल नव्हेच. जुन्या इंग्रजीत याच शब्दाला तृतीया विभक्ती होती, तिचं रूप ‘थी’ किंवा ‘थे’ असं व्हायचं आणि अर्थ ‘त्याने, तितक्याने’. ‘द मोअर, द मेरियर’ म्हणजे शब्दशः ‘जितक्याने जास्त, तितक्याने मजा’. आपली ‘जसजसे-तसतसे’ ची जोडी. ‘नेव्हरदलेस’ मधला मधला ‘द’, ‘ऑल द बेटर’, ‘नन द वायझर’ हे त्याच घरातले. हे कळलं की या रचनेतली नेहमीची चूक टळते. जोडीतला पहिला ‘द’ गाळून ‘मोअर यू प्रॅक्टिस, द बेटर यू गेट’ असं पुष्कळ जण लिहितात. ‘जसजसा’ गाळून नुसतं ‘तसतसा’ म्हटल्यासारखं ते लंगडं होतं.

वाटेत लिपीची एक गंमत. जुन्या इंग्रजीत ‘थ’ साठी ‘थॉर्न’ नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं, रून लिपीतून उचललेलं: उभी काठी आणि तिच्या मध्यावर पोट. लेखनिकांच्या हातून काठीचं वरचं टोक आखूड होत गेलं, पोट उघडं पडलं आणि ते ‘वाय’ सारखं दिसू लागलं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, पण अक्षरांचे खिळे युरोपातून आलेले, त्यात थॉर्न नव्हतं. मग ‘द’ आखूड लिहायचा झाला की ‘वाय’ चा खिळा लावून डोक्यावर बारीक ‘ई’ बसवायचे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ओळीत जागा कमी पडली तिथे हे रूप वापरलेलं आहे. त्याचा उच्चार कायम ‘द’ च होता. जुनाटपणा मिरवण्यासाठी पाट्यांवर जे ‘ये ओल्ड’ लिहितात ते एकोणिसाव्या शतकातलं खूळ. ‘ये’ असा आर्टिकल कुणीही कधी उच्चारला नव्हता. (‘तुम्ही’ या अर्थाचा जुना ‘ये’ खरोखरच ‘ये’ होता, पण तो वेगळा शब्द.) आइसलँडच्या भाषेत थॉर्न अजून रोजच्या वापरात आहे.

आता पुन्हा वापराकडे, कारण चुका तिथे होतात.

मराठीतून इंग्रजीत येणाऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. एक जण ‘द’ गाळतो. दुसरा, गाळल्याबद्दल बोलणी खाल्लेला, दिसेल तिथे टाकतो. माझ्या मते दुसऱ्याची चूक जास्त नडते. गाळलेला ‘द’ वाचणारा मनात भरून घेतो, वर्तमानपत्राचे मथळे तर ‘द’ शिवायच चालतात. जादा ‘द’ मात्र वाचणाऱ्याला नसलेली गोष्ट शोधायला लावतो. ‘द सोसायटी मस्ट चेंज’ असं वाचलं की इंग्रज विचारणार, कुठली संस्था? समाज या अर्थी नुसतं ‘सोसायटी’. ‘नेचर’, ‘लाइफ’, ‘एज्युकेशन’, ‘हिस्टरी’ यांचंही तसंच. सर्वसाधारण अर्थाने आले की बोडके, आणि पुढे ‘कशाचं?’ याचं उत्तर जोडलं की ‘द’: ‘द नेचर ऑफ द प्रॉब्लेम’, ‘द हिस्टरी ऑफ चेस’.

पण ‘ऑफ दिसला की द’ असा उलटा नियम करू नका. ‘शी इज द मेंबर ऑफ द कमिटी’ या वाक्याने समितीत एकच माणूस उरतो. समितीत अनेक असणार, म्हणून ‘अ मेंबर’. अध्यक्ष एकच, म्हणून ‘द चेअरपर्सन ऑफ द कमिटी’. पुन्हा तोच सायकलचा स्पोक.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत तर क्रियापदच बदलतं. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’ म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून अनेकवचन. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉलिंग’ म्हणजे त्यांची संख्या, ती एक, म्हणून एकवचन. तपासायला सोपं आणि परीक्षकांचं लाडकं.

‘फ्यू’ म्हणजे नसल्यात जमा, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना आहेत, ‘द फ्यू’ म्हणजे ते मोजकेच, तुम्हाला माहीत असलेले. ‘लास्ट वीक’ म्हणजे मागचा आठवडा. ‘द लास्ट वीक’ म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस, किंवा एखाद्या गोष्टीचा शेवटचा आठवडा. सुट्टीच्या अर्जात हा फरक महागात पडू शकतो.

‘द रिच’, ‘द पुअर’, ‘द ब्लाइंड’ हे नेहमी अनेकवचनी, सगळ्या वर्गाबद्दल: ‘द पुअर आर’. मराठीत ‘गरीब’ एकटाही असतो, ‘तो गरीब काय करणार?’ असं आपण म्हणतो. इंग्रजीत एकासाठी ‘द पुअर’ चालत नाही, ‘अ पुअर मॅन’ म्हणावं लागतं.

आणि आता अशी जागा, जिथे नियमापेक्षा सवयीचं राज्य आहे. ‘ही इज इन प्रिझन’ म्हणजे तो कैदी. ‘ही इज इन द प्रिझन’ म्हणजे त्या इमारतीत आहे, कुणाला भेटायला किंवा नळ दुरुस्त करायला गेला असेल. संस्थेचं जे मूळ काम त्यासाठी माणूस गेला की ‘द’ पडतो: ‘गो टू स्कूल’, ‘गो टू चर्च’, ‘गो टू बेड’. इथवर छान. पण मग ऑफिस? ऑफिसलाही माणूस कामालाच जातो, तरी ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस’ चूक, ‘टू द ऑफिस’ हवं. बँक, सिनेमा, पोस्ट ऑफिस, स्टेशन यांनाही ‘द’ लागतो. ‘स्कूल’ ची चाल ‘ऑफिस’ ला लावल्यामुळे ही चूक होते आणि ती इतकी सर्रास आहे की कानाला खटकतही नाही. ‘गो टू वर्क’ म्हटलं तर मात्र ‘द’ नको. हॉस्पिटलच्या बाबतीत खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतच एकमत नाही. आजारी पडून दाखल झालेला माणूस ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, पण एका मजकुरात एकच ठेवा.

मालकी दाखवणारा किंवा ‘हा’, ‘प्रत्येक’ अशा अर्थाचा शब्द आला की ‘द’ ची जागा भरली: ‘माय’, ‘हिज’, ‘दिस’, ‘एव्हरी’ यांच्या शेजारी तो बसत नाही. ‘द बॉईज बुक’ मध्ये ‘द’ आहे तो मुलाचा, पुस्तकाचा नव्हे. म्हणून मुलाचं नाव घेतलं की तो गळून पडतो.

भूगोल पाठ करावा लागतो, पण त्यालाही थोडी शिस्त आहे. नद्या, समुद्र, वाळवंटं, पर्वतरांगा आणि द्वीपसमूह ‘द’ घेतात: द नाइल, द पॅसिफिक, द सहारा, द आल्प्स, द मालदीव्ज. एकटं शिखर, एकटं सरोवर, एकटं बेट घेत नाही: एव्हरेस्ट, लेक व्हिक्टोरिया, क्रीट. थोडक्यात, जे पसरलेलं आहे किंवा ज्याचे अनेक तुकडे आहेत, त्याला ‘द’ ने बांधावं लागतं. देशांचंही तसंच. नुसतं विशेषनाम असेल तर बोडकं: फ्रान्स, जपान. नावात ‘किंग्डम’, ‘रिपब्लिक’, ‘स्टेट्स’ असं सामान्यनाम असेल किंवा नाव अनेकवचनी असेल तर ‘द’: द युनायटेड किंग्डम, द नेदरलँड्स, द फिलिपीन्स. म्हणूनच ‘द चेक रिपब्लिक’ पण ‘चेकिया’. गँबियाला देशाचं नाव नदीवरून मिळालं आणि नदीबरोबर ‘द’ ही आला. तिथल्या सरकारने तो अधिकृत नावात ठेवला आहे, कॅपिटल ‘टी’ सकट. बहामाजच्या अधिकृत नावातही तो तसाच आहे. हेग शहराच्या डच नावातच ‘डेन’ हे आर्टिकल आहे, इंग्रजीने त्याचं भाषांतर करून घेतलं.

युक्रेनची कथा या सगळ्यांत महत्त्वाची. पूर्वी इंग्रजीत सर्रास ‘द युक्रेन’ लिहीत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ‘द’ नको म्हटलं, कारण ‘द’ लावलं की ते नाव देशाचं न वाटता एखाद्या प्रदेशाचं वाटतं, जणू कुठल्यातरी मोठ्या देशाचा एक पट्टा. आज ‘द युक्रेन’ लिहिणं नुसतं जुनाट राहिलेलं नाही, त्याला राजकीय वास येतो. गंमत म्हणजे युक्रेनियन आणि रशियन या दोन्ही भाषांत आर्टिकलच नाही. तिथे हाच वाद ‘मध्ये’ या अर्थी ‘ना’ म्हणायचं की ‘व’ यावर चालतो: ‘ना’ प्रदेशासाठी, ‘व’ देशासाठी.

आद्याक्षरांच्या नावांना एक साधी कसोटी आहे. अक्षरं सुटी उच्चारत असाल तर बहुधा ‘द’: द यूएन, द बीबीसी, द एफबीआय. एक शब्द म्हणून उच्चारत असाल तर नाही: नासा, नाटो, युनेस्को. कंपन्यांच्या नावांना ही कसोटी लावू नका, ‘द आयबीएम’ कुणी म्हणत नाही.

उच्चाराबद्दल. पुढे व्यंजनाचा आवाज असेल तर ‘द’, स्वराचा असेल तर ‘दी’. आवाज, अक्षर नव्हे. ‘अवर’ मध्ये ‘एच’ मुका, म्हणून ‘दी अवर’. ‘एमबीए’ चा ‘एम’ बोलताना ‘ए’ ने सुरू होतो, म्हणून ‘दी एमबीए’. उलट ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’ यांची सुरुवात ‘य’ ने आणि ‘वन’ ची ‘व’ ने होते, म्हणून तिथे ‘द’. मराठीत नावांआधी सरसकट ‘दि’ लिहायची जुनी पद्धत आहे, ती यात बसत नाही. पुढचा आवाज पाहून ‘द’ किंवा ‘दी’ लिहिणं जास्त प्रामाणिक. जोर द्यायचा असेल तेव्हा मात्र व्यंजनापुढेही ‘दी’ येतो: ‘ही इज दी डॉक्टर फॉर दिस’, म्हणजे यासाठी डॉक्टर म्हणावा तर हाच. मराठीत हे काम ‘च’ करतो.

आपला ‘द’ आणि त्यांचा ‘द’ एक नव्हे, हेही सांगायला हवं. आपल्या ‘द’ ला जीभ दातांमागे टेकून हवा अडते आणि मग सुटते. त्यांच्याकडे जिभेचं टोक दातांच्या कडेला हलकेच लागतं, हवा अडत नाही, घासत बाहेर जाते. हातावर फुंकर जाणवली पाहिजे, आणि गळ्याला बोट लावलं तर कंपही. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर-लँकाशरकडे, हा सगळा खटाटोपच नाही. तिथे बोलण्यात ‘द’ चा नुसता ‘ट्’ उरतो किंवा गळ्यात एक बारीक अडथळा येऊन बोलणं पुढे जातं.

एवढ्या सार्वजनिक शब्दावर कुणी मालकी सांगेल असं वाटणार नाही, पण ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने ती सांगितली. त्यांच्या अधिकृत नावाच्या सुरुवातीला ‘द’ आहे आणि तो ते ठासून उच्चारतात. २०१९ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने टी-शर्ट, टोप्या अशा कपड्यांपुरता ‘द’ हा ट्रेडमार्क त्यांच्या नावावर नोंदवला. वाक्यात वापरायला अजून परवानगी लागत नाही.

ग्रंथालयांचा व्यवहार याच्या नेमका उलटा, तिथे ‘द’ ला शून्य किंमत. शीर्षकं अकारविल्हे लावताना सुरुवातीचा ‘द’ मोजला, तर ‘टी’ च्या कप्प्यात अर्धं ग्रंथालय येऊन बसेल. म्हणून मार्क नावाच्या संगणकीय तालिकेत शीर्षकाचं जे २४५ क्रमांकाचं क्षेत्र असतं, त्याच्या दुसऱ्या खुणेच्या जागी क्रमवारीत किती अक्षरं सोडायची तो आकडा भरतात. ‘अ’ साठी २, ‘ॲन’ साठी ३, ‘द’ साठी ४. तीन अक्षरं असताना ४ का, तर पुढची मोकळी जागाही ओलांडायची असते. इथे चुकून ३ भरला की शीर्षक मोकळ्या जागेपासून सुरू झालं असं यंत्र धरतं, आणि ते पुस्तक यादीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं.